न पाहिलेला समुद्र

गोंदियाहून निघालेली आगगाडी साडेनऊशे किलोमीटरहून अधिक अंतर कापते, तेव्हा कुठे मुंबईच्या समुद्राचे दर्शन होते. आमगाव, सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव येथील प्राथमिक शाळेत बसलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांनी हा प्रवास केलेला असतो. पुस्तकात मात्र समुद्र येतो, खारे पाणी येते, देवमासा येतो, प्रवाळ येते. मग शिक्षकाला प्रश्न पडतो की, जे मुलाने पाहिलेले नाही, बहुधा शिक्षकानेही पुरेसे पाहिलेले नाही, ते केवळ वाचून आणि लिहून शिकवणे याला विज्ञान म्हणायचे का? विषयाचे नावच ‘परिसर अभ्यास’, आणि समुद्र तर या परिसरात नाही!

ही शंका क्षुल्लक नाही. तिला विज्ञानाच्या इतिहासात मोठा पाठीराखाही आहे. लुई अ‍ॅगासी हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत प्राणिशास्त्रज्ञ. १८७३ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पेनिकीज नावाच्या लहानशा बेटावर त्यांनी एक शाळा भरवली. विद्यार्थी होते सुमारे ५० शिक्षक, त्यांत स्त्रियाही होत्या. पुस्तके बाजूला ठेवा आणि निसर्गच वाचा, हा त्या शाळेचा मंत्र होता. शिक्षकांनी स्वतः प्राणी पकडायचे, चिरायचे, चित्रे काढायची. त्याच वर्षी डिसेंबरात अ‍ॅगासी वारले आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर शाळा बंद पडली. पण प्रत्यक्ष निरीक्षणाचा तिचा आग्रह शिक्षणशास्त्रात टिकून राहिला. तो योग्यही आहे. तरीपण अ‍ॅगासींच्या हाताशी बेट होते, ही गोष्ट आपण विसरू नये. गोंदियाच्या शिक्षकाने काय करावे?

याचे उत्तर शोधताना आम्हाला समुद्रविज्ञानाच्याच इतिहासाकडे वळावेसे वाटते. कारण हे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांनाही समुद्र फारसा दिसत नव्हता. दिसत होता तो पृष्ठभाग. खालचे चार-पाच किलोमीटर पाणी दोरी, जाळे, वही आणि टपाल यांच्या साहाय्यानेच ‘पाहावे’ लागले.

पहिले उदाहरण चार्ल्स डार्विन यांचे घेऊ. प्रशांत महासागरात मध्ये पाणी आणि भोवती प्रवाळाचे कडे अशी कंकणाकृती बेटे आहेत. प्रवाळाचे जीव उथळ, प्रकाशित पाण्यातच वाढतात, मग ही बेटे अथांग समुद्रात कशी उभी राहिली? ‘बीगल’ जहाजावरच्या प्रवासात डार्विन चार्ल्स लायेल यांचा भूशास्त्रावरील ग्रंथ बारकाईने वाचत होते. लायेल यांच्या मते ही बेटे बुडालेल्या ज्वालामुखींच्या मुखाच्या काठावर वाढली होती. डार्विन यांना ते पटेना. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांनी जमीन वर उचलली गेल्याचा पुरावा पाहिला होता. जमीन वर येते, तर ती खालीही जात असली पाहिजे. बेट हळूहळू खाली बसत असेल आणि भोवतीचे प्रवाळ त्याच गतीने वर वाढत असेल, तर शेवटी फक्त प्रवाळाचे कडे उरेल! ही सारी उपपत्ती मनात तयार झाली तेव्हा आपण खरे प्रवाळबेट पाहिलेही नव्हते, असे डार्विन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. बेटे नंतर पाहिली, ग्रंथ १८४२ साली निघाला, आणि १९५२ साली एनिवेटॉक या बेटावर खोल छिद्र पाडले तेव्हा बाराशे मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळी खडकाखाली ज्वालामुखीचा खडक लागला. वाचन, दुसऱ्याच ठिकाणचे निरीक्षण आणि तर्क यांची ही करामत होती. म्हणून ‘पाहिल्याशिवाय कळत नाही’ हे वाक्य आम्ही अर्धेच खरे मानतो.

उरलेले अर्धे खरे का, हे एडवर्ड फोर्ब्स यांच्या गोष्टीतून कळते. ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

फोर्ब्स यांनी १८४१-४२ साली एजियन समुद्रात जाळी टाकून तळाचे प्राणी गोळा केले. जसजसे खोल जावे तसतसे प्राणी कमी. हीच रेघ पुढे वाढवून त्यांनी अनुमान काढले की, सुमारे ३०० वावांखाली जीवसृष्टी नसावी. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, सुमारे ६ फूट. आपल्याकडचे कोळी याच मापाने पाणी मोजत आले.) अनुमान मोठे सयुक्तिक वाटत होते. खाली काळोख, कडाक्याची थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब. तेथे कोण जगणार? बघता बघता अनुमानाचे ‘तथ्य’ झाले आणि ते लोकांनी पाठ केले.

गंमत अशी की, उलट पुरावा आधीच छापलेला होता. जॉन रॉस यांनी १८१८ साली बॅफिनच्या उपसागरात खोल पाण्यात सोडलेल्या दोरीबरोबर किडे आणि तारामाशाचा एक फांद्याफांद्यांचा भाईबंद वर आला होता, आणि रॉस यांच्या प्रवासवर्णनात त्याची नोंद आहे. ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. १८६० साली जॉर्ज वॉलिक यांनी उत्तर अटलांटिकमध्ये १२६० वाव खोलीवर दोरी सोडली, तर तिला तारामाशांचे नातलग चिकटून आले. टीकाकार म्हणाले, कशावरून ते तळाचे? दोरी वर येताना वाटेत चिकटले असतील! आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र त्याच वर्षी भूमध्य समुद्रातून सार्डिनिया आणि आफ्रिकेचा किनारा यांना जोडणारी तुटकी तारायंत्राची केबल वर काढली गेली. हजार वावांहून अधिक खोलीवर पडून राहिलेल्या त्या केबलवर प्रवाळाचे जीव चिकटून वाढलेले होते. आता येथे थांबून मुलांना विचारावे : वॉलिक यांच्या दोरीपेक्षा ही केबल अधिक भक्कम पुरावा का? चौथी-पाचवीची मुले थोडा वेळ दिला तर बरोबर उत्तर देतात. केबलवर प्राणी नुसते बसलेले नव्हते, तेथेच लहानाचे मोठे झाले होते. हे उत्तर स्वतःच्या वाक्यात लिहायला लावावे. समुद्राने पृथ्वीचा ७१ टक्के भाग व्यापला आहे, हे वाक्य दहादा उतरवण्यापेक्षा असे एक वाक्य अधिक मोलाचे.

यानंतरच ‘चॅलेंजर’ या जहाजाची प्रसिद्ध मोहीम निघाली. डिसेंबर १८७२ ते मे १८७६ या काळात ती महासागरांतून फिरली. तिचा वृत्तांत ५० खंडांत छापला गेला, आणि शेवटचा खंड यायला १८९५ साल उजाडले. एवढा कागद कोणत्याही शाळेच्या कपाटात मावायचा नाही! परंतु त्याच जहाजावर जोसेफ मॅटकिन नावाचा विशीच्या उंबरठ्यावरचा एक पोरगा होता. काम शिधासामग्रीच्या कोठारात मदतनीसाचे. त्याने घरी आईला आणि भावंडांना लांबलचक पत्रे लिहिली, आणि ती पत्रे १९९२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तळाच्या मजल्यावरून मोहीम कशी दिसत होती हे आज आपल्याला कळते ते या पत्रांमुळे. शास्त्रज्ञांचे खंड आणि कोठीवाल्याची पत्रे, दोन्ही समुद्राबद्दलच. पण एक समव्यावसायिकांसाठी, दुसरे समुद्र न पाहिलेल्या घरच्या माणसांसाठी. लेखन कोणासाठी आहे यावर त्याचा घाट कसा बदलतो, हे भाषेच्या तासाला दाखवायला याहून चांगली जोडी आम्हाला माहीत नाही.

‘चॅलेंजर’ने हिंदी महासागराचा दक्षिण भाग तेवढा ओलांडला, बंगालच्या उपसागराकडे ती फिरकली नाही. आपल्या बाजूच्या खोल समुद्राचे प्राणी अभ्यासले ते ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण-जहाजावरील डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञांनी. त्यांपैकी अल्कॉक यांनी १९०२ साली त्यावर सुवाच्य पुस्तक लिहिले. पुढे १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्या पाठोपाठ १९६६ च्या जानेवारीत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.

आता रेचेल कार्सन यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म १९०७ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या नदीकाठच्या गावी, समुद्रापासून दूर. घरात वाचनाची आवड. अकराव्या वर्षी त्यांनी लिहिलेली गोष्ट ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकाने छापली. हे मासिक मुलांचे लेखन मागवून ते छापत असे. ही गोष्ट विमानातून झालेल्या लढाईची होती, आणि तिचे बीज सैन्यातल्या भावाच्या पत्रातून मिळालेले. न पाहिलेल्याविषयी विश्वासू माहितीवरून लिहायचे, हा धडा त्यांना असा लवकर मिळाला. महाविद्यालयात त्या साहित्य शिकायला गेल्या होत्या, पण मेरी स्किंकर या जीवशास्त्राच्या शिक्षिकेमुळे विषय बदलला. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो १९२९ साली, बाविसाव्या वर्षी, वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेल्यावर. १८८८ साली स्थापन झालेली ही प्रयोगशाळा अ‍ॅगासींच्या पेनिकीज शाळेचाच वारसा सांगते! पुस्तकातून समुद्राकडे आलेली मुलगी ‘पुस्तके बाजूला ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या अंगणात पोहोचली, आणि तेथे तिचे काही बिघडले नाही.

१९३५ साली सरकारी मत्स्यखात्यासाठी त्या सागरी जीवांवर रेडिओची छोटी भाषणे लिहू लागल्या. पुढे एका पत्रकासाठी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना साहेबांना सरकारी कागदासाठी फारच साहित्यिक वाटली. त्यांनी ती मासिकाकडे पाठवायला सांगितली आणि १९३७ साली ‘अटलांटिक मंथली’ने ती छापली. १९५१ साली त्यांचे ‘द सी अराउंड अस’ आले आणि जगभर वाचले गेले. त्याच वर्षी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, पण गोंदियाच्या मुलांना त्याचा उपयोग व्हायचा तेवढाच झाला.

मराठीत मुलांसाठी समुद्राविषयी लिहिताना एक अडचण येते आणि तीच एक संधीही आहे. आपली नावे. देवमासा मासा नाही, तो फुफ्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. ही बाब अ‍ॅरिस्टॉटल यांनी सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवली होती. तारामासा मासा नाही. त्याला कणाच नाही. जेलीफिशही मासा नाही. याउलट समुद्रघोडा मात्र कल्ले आणि पर असलेला अस्सल मासा आहे. ही चार नावे फळ्यावर लिहून प्रत्येकाविषयी चार ओळींचा उतारा वाचायला द्यावा आणि कोण मासा, कोण नाही, ते कारणासह लिहायला सांगावे. झिंग्याला कोकणात कोळंबी म्हणतात, हेही त्याच ओघात सांगता येईल.

शिवाय समुद्र गोंदियात अगदीच नाही असे नाही. देवघरातला शंख हे एका सागरी गोगलगायीचे घर आहे. बैलांच्या साजातली कवडी दुसरीचे. आठवडी बाजारातले सुके बोंबील आणि सुकट ही तर सरळ समुद्रातूनच आली. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवले की समुद्राच्या पाण्याची चव कळते (जिभेला नुसता थेंब लावावा). मात्र वहीत लिहिताना मुलांनी ‘मी पाहिले’, ‘मी वाचले’ आणि ‘मला वाटते’ असा भेद राखावा, याबाबत आम्ही आग्रही आहोत. फोर्ब्स यांच्या ३०० वावांचे काय झाले ते त्यांना आता ठाऊक आहे.

नकाशाही जरा वेगळ्या नजरेने वाचायला द्यावा. महाराष्ट्राचा समुद्र म्हटले की कोकण, असे मुले धरून चालतात. सरळ रेषेत मोजले तर गोंदियाला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर बराच जवळ आहे. भातशेतीला लागणाऱ्या पावसाचा मोठा वाटा त्या उपसागरात उठणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो आणि पडलेले पाणी वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी यांतून पुन्हा तिकडेच जाते. ही वाट एकेरी नाही. गोदावरीतील मोठा झिंगा गोड्या पाण्यात राहतो, पण त्याची पिले मुखाजवळच्या मचूळ पाण्यातच वाढू शकतात, आणि थोडी मोठी झाल्यावर प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. असा झिंगा आपल्या नदीत कुठवर दिसत असे, हे गावातल्या म्हाताऱ्या ढिवरांना विचारून मुलांनी त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे, माशांची स्थानिक नावे आणि आठवणीतली वर्षेही लिहावीत. सोबत नदीचा नकाशा काढून त्यावर बंधारे दाखवावेत : १८५२ साली पुरा झालेला धवलेश्वरमचा, भंडारा जिल्ह्यातला गोसीखुर्दचा आणि २०१९ सालचा मेडीगड्डाचा.