सर्रास जादू व सरदारवर्ग (भूमिकाखेळांच्या जगांतील)

भूमिकाखेळांसाठी रचलेल्या कल्पित जगांत जादू ही क्वचित दिसणारी नवलाई न राहता विहिरीवरच्या मोटेसारखी किंवा लोहाराच्या भात्यासारखी रोजच्या वापरातली झाली, तर जमीन, शस्त्र आणि वंश या तीन आधारांवर उभ्या असलेल्या सरदारवर्गाचे काय होईल, या प्रश्नाचा विचार येथे अभिप्रेत आहे. भूमिकाखेळ, म्हणजेच खेळाडूंच्या बोलीत रोलप्लेइंग गेम, हा टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळण्याचा प्रकार असून त्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राच्या वतीने निर्णय घेतो, तर गेममास्टर हा सूत्रधार उरलेले सारे जग, त्यातील राजे, बाजार, गावे व शत्रू यांसह, चालवतो. जग असे चालवावे लागत असल्यामुळेच हा प्रश्न कादंबरीपेक्षा खेळात अधिक टोचतो. कादंबरीकाराला अडचणीची गोष्ट नजरेआड करता येते; खेळाडू मात्र नियमपुस्तकातील मंत्रावर बोट ठेवून, हा मंत्र येत असताना या राज्यात दुष्काळ पडलाच कसा, असे विचारू शकतो.

या खेळांचा आरंभ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानला जातो. त्याची मुळे ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन लढायांच्या खेळात असल्याने किल्ले, चिलखती स्वार व भालाईत ही त्याची जन्मजात सामग्री होती. मंत्रांची रीत मात्र जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली, म्हणजे जादूगाराने मंत्र मनात साठवावा आणि उच्चारताच तो स्मरणातून पुसला जावा, अशी होती. दोन वेगळ्या घरांतून आलेल्या या गोष्टी एका छपराखाली कशा नांदतील, याचा हिशेब प्रारंभी फारसा मांडला गेला नाही. १९७८ च्या प्रगत आवृत्तीच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात नवव्या पातळीवर पोचलेल्या योद्ध्याला ‘लॉर्ड’ ही पदवी मिळे, आणि त्याने गढी बांधून भोवतालचा मुलूख निर्धोक केला की त्याला दरमहा दर माणशी ७ रौप्य नाणी महसूल येई. पुरोहिताला ९ आणि जादूगाराला ५ नाणी येत. सरदारकी ही येथे जन्माने लाभणारी नव्हे, तर पराक्रमाने कमवायची वस्तू ठरते, हे या नियमाचे वैशिष्ट्य होय. आगीचे लोळ फेकणाऱ्या माणसाला रयतेने सर्वांत कमी कर का द्यावा, याचे कारण मात्र त्या पुस्तकात शोधू नये.

मध्ययुगीन पश्चिम युरोपात सरदारवर्ग टिकला तो बळ महाग होते म्हणून. युद्धाचा घोडा, चिलखत, लहानपणापासूनचा शस्त्राभ्यास आणि दगडी किल्ला यांचा खर्च अनेक शेतकरी कुटुंबांच्या श्रमातूनच भागू शकत असे, आणि त्या बदल्यात सरदार संरक्षण व न्याय देई, निदान तसा दावा करी. लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये सरंजामशाहीचा उगम घोडेस्वाराच्या रिकिबीशी जोडला. हे मत पुढे पुष्कळ खोडले गेले असले, तरी लढण्याचे साधन बदलले की समाजाची उतरंडही हलते, हा त्यामागील विचार जगे रचणाऱ्यांना अद्याप उपयोगी पडतो. जो माणूस उडू शकतो त्याला तट अडवत नाही, आणि जो अदृश्य होऊ शकतो त्याला पहारा अडवत नाही. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटबंदीसमोर उस्मानी तोफांनी जे काम केले, ते अशा जगात एखादा प्रवीण जादूगार एकटा करू शकेल. मात्र तोफ राजाच्या कोठारात राहते, तर जादूगार स्वतःच्या पायांनी दुसऱ्या राजाकडे जातो.

खरी उलथापालथ रणांगणापेक्षा शेतात होईल, असे नियमांवरील आकडेमोड सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) वनस्पतींची वाढ करणारा तिसऱ्या स्तराचा एक मंत्र आहे, त्याने अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतील, म्हणजे सुमारे ५०० एकर जमिनीचे उत्पन्न वर्षभरासाठी एक तृतीयांशाने वाढते, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर ते दुप्पट होते. तिसऱ्या आवृत्तीच्या दरपत्रकानुसार मंत्राचा स्तर, मंत्र घालणाऱ्याची पातळी आणि १० सुवर्ण नाणी यांचा गुणाकार ही मंत्राची दक्षिणा असल्याने या कामाला किमान १५० सुवर्ण नाणी पडतात. अकुशल मजुराची रोजची मजुरी एक रौप्य नाणे, म्हणजे सुवर्ण नाण्याचा दहावा भाग, असल्याने ही रक्कम त्याच्या १,५०० दिवसांच्या, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळाच्या कमाईइतकी होते. एका कुळाला ती झेपणे शक्य नाही, पण शेकडो एकरांचा धनी असलेल्या जमीनदाराला ती एका हंगामात भरून निघू शकते. साधी जखम बरी करणाऱ्या पहिल्या स्तराच्या मंत्रालाही मजुराचे शंभर दिवस लागतात. जादू सर्रास असणे म्हणजे ती सर्वांना परवडणे नव्हे, हे या दरपत्रकावरून उघड होते. उलट, अशी जादू आधीच धनवान असलेल्या सरदाराचे पीक वाढवून त्याला अधिक घट्ट बसवील, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून मंत्र घेण्याची पद्धत पाडली तरच चित्र उलटे फिरेल.

म्हणून जादूचे प्रमाण किती, यापेक्षा ती माणसाला लाभते कशी, हे सरदारवर्गाच्या भवितव्याच्या दृष्टीने अधिक निर्णायक असते. ती रक्तातून येते, अभ्यासातून येते, देवाच्या कृपेने येते की जमिनीतून येते, यावर कोणाला वाकायचे हे ठरते. रिच बेकर व कॉलिन मॅककोम यांनी रचलेले ‘बर्थराइट’ (१९९५) हे या प्रश्नाचे सर्वांत सुसंगत उत्तर म्हणता येईल, जरी त्याला इतर जगांइतकी लोकप्रियता लाभली नाही. त्यातील सेरिलिया या खंडात प्राचीन देव एका महायुद्धात नष्ट होतात आणि त्यांचे सामर्थ्य रणांगणावरील वीरांच्या रक्तात उतरते. त्यांचे वंशज हेच पुढे राज्यकर्ते होतात. हे रक्त विधिपूर्वक वारसाकडे सोपवता येते, आणि त्याच्या धन्याच्या हृदयात शस्त्र भोसकून ते लुबाडताही येते, त्यामुळे वंश हा वारसा असतानाच लुटीचा मालही होतो. श्रेष्ठ प्रतीची जादूही माणसांपैकी अशा रक्ताच्यांनाच साधते, आणि तिचा उगम जमिनीत असतो: प्रांतातील वस्ती व शेती वाढली की तेथील जादूचा झरा आटतो. परिणामी एकाच मुलखावर डोळा असलेल्या दोन सत्ताधीशांत, गावे वसवू पाहणाऱ्या सरदारात आणि अरण्य राखू पाहणाऱ्या जादूगारात, कायमचा झगडा उभा राहतो, आणि तो कोणाच्या दुष्टपणातून नव्हे तर नियमाच्या घडणीतून जन्मतो.

रक्तातल्या सामर्थ्याची ही कल्पना निव्वळ खेळातली नाही. इंग्लंड व फ्रान्सचे राजे गंडमाळेच्या रोग्यांना स्पर्शाने बरे करतात अशी समजूत शतकानुशतके होती. मार्क ब्लॉक यांनी १९२४ मध्ये या प्रथेवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये राणी ॲन हिच्यानंतर, म्हणजे १७१४ नंतर, ती बंद पडली, तर फ्रान्समध्ये दहाव्या चार्ल्सने १८२५ साली राज्याभिषेकाच्या वेळी ती पुन्हा पार पाडली. जेथे गावचा पुजारीही रोज स्पर्शाने जखमा बऱ्या करतो, तेथे राजाच्या अशा स्पर्शाचे अप्रूप राहणार नाही आणि राजपदाला दैवी पुरावा दुसरीकडे शोधावा लागेल.

जादू अभ्यासाने येत असेल, तर शाळा, ग्रंथ व अक्षरज्ञान यांवर ज्याचा ताबा तो सत्ताधारी. ‘डार्क सन’ (१९९१) या उजाड वाळवंटी जगात जादूगार-राजे नगरांवर राज्य करतात, सामान्यांना लिहिणे-वाचणे शिकण्यास बंदी आहे, आणि जादू भोवतालच्या वनस्पतींतील प्राण शोषून घेत असल्याने लोक जादूगारांचा द्वेष करतात. राजांचे अधिकारी असलेल्या टेंप्लरांना मंत्रशक्ती मिळते ती राजाकडून, म्हणजे जवळजवळ पगारासारखी. ‘फरगॉटन रिल्म्स’मधील थे या देशात तांबड्या झग्यांच्या जादूगारांची राजवट असून मंत्रविद्येच्या आठ शाखांचे प्रमुख तेथे राज्य करतात. येथे सरदारवर्ग नाहीसा होत नाही, त्याची चिलखते तेवढी झग्यांना जागा देतात.

याच्या अगदी उलट टोकाला ग्रेग स्टॅफर्ड यांचे ग्लोरँथा हे जग असून १९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’ या खेळाने ते भूमिकाखेळात आणले. त्यात शेतकरी, गुराखी, शिपाई अशा कोणालाही धार तीक्ष्ण करण्याचा किंवा जखम भरण्याचा छोटा मंत्र येऊ शकतो. जादू ही तेथे वर्गाची खूण नाहीच. जे सर्वांपाशी आहे त्याने कोणी थोर ठरत नसल्याने थोरवीचा प्रश्न एक पायरी वर सरकतो: मोठे मंत्र देवतेच्या पंथातून मिळतात, आणि पंथाचा रुन-लॉर्ड होण्यासाठी ठरावीक कौशल्यांत ९० टक्के प्रावीण्य लागते. साहजिकच मंदिर हेच कोठार, शस्त्रागार व शाळा होते, आणि टोळीचा नायक पंथापासून तुटला तर त्याच्या हाती नुसते पद उरते. सर्रास जादूचा विचार इतक्या पूर्णपणे मुरलेले दुसरे जग दाखवणे कठीण आहे.

जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’त (१९८७) तेराव्या शतकातील युरोप जवळजवळ जसाच्या तसा ठेवता आला, कारण तेथील उपजत देणगी घराणे न पाहता कोणाच्याही पोटी अवतरते, सामान्य माणसांना तिच्या धन्याविषयी आपोआप संशय वाटतो, आणि पंधरा वर्षे उमेदवारी करून तयार झालेल्या जादूगारांना त्यांचा संघ राजकारणापासून दूर राहण्यास बांधून ठेवतो. ही पळवाट आहे, पण प्रामाणिक पळवाट आहे.

या विषयावरील सर्वांत विस्तृत प्रयोग म्हणजे कीथ बेकर यांचे ‘एबेरॉन’. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने २००२ मध्ये नव्या जगासाठी खुली स्पर्धा घेतली, तीत सुमारे ११,००० प्रस्ताव आले, आणि निवडलेले हे जग २००४ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यात प्रचंड सामर्थ्याचे जादूगार थोडे, पण एकदोन मंत्र जाणणारे कारागीर जागोजागी आहेत. त्यांना मेजराइट म्हणतात. दिवे उजळणारा, कुलपे बांधणारा, रोग ओळखणारा असा हा माणूस पाहून महाराष्ट्रातील वाचकाला बलुतेदार आठवेल, फरक इतकाच की बलुतेदाराला सुगीत धान्याचा वाटा मिळे, तर मेजराइट रोकड घेतो आणि बहुधा एखाद्या मोठ्या घराण्याच्या परवान्यावर धंदा करतो. ही घराणी तेरा असून त्यांच्या माणसांच्या अंगावर वंशपरंपरेने उमटणारी बारा प्रकारची ड्रॅगनचिन्हे त्यांना एकेका कामाची शक्ती देतात: कॅनिथ घराणे वस्तू घडवते, जोरॅस्को उपचार करते, ओरियन विजेच्या बळावर धावणारी गाडी चालवते, लिरँडार हवाई जहाजे उडवते, कुंदारॅक पेढ्या सांभाळते.

या व्यवस्थेत सरदारांनी स्वतःला वाचवले ते कायद्याने. गॅलिफार राज्याच्या स्थापनेच्या काळातील कोर्थ येथील फर्मानांनुसार चिन्हधारी घराण्यांना जमीन बाळगता येत नाही, सरदारकीची पदवी घेता येत नाही आणि भाडोत्री शिपायांचा व्यवसाय असलेल्या डेनीथ घराण्याचा अपवाद वगळता सैन्य ठेवता येत नाही. जमीन एकाकडे आणि शक्ती दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी राज्य एकसंध असेपर्यंत चालली. पण राजा जॅरट याच्या मृत्यूनंतर वारसांत शतकभर युद्ध पेटले, राज्याची शकले झाली, आणि घराणी सर्व पक्षांना माल विकून श्रीमंत झाली. फर्मान देणारा राजा उरला नाही, तर फर्मान पाळायचे कोणाच्या धाकाने, हा या जगातील अनेक कथानकांचा गाभा आहे. त्याच युद्धासाठी कॅनिथ घराण्याने वॉरफोर्ज्ड हे लाकूड व धातूचे सजीव सैनिक घडवले, आणि थ्रोनहोल्डच्या तहाने त्यांना मालमत्तेऐवजी व्यक्ती ठरवले. वेठीची गरज संपवू शकणारा मजूर अशा रीतीने स्वतःच मजुरी मागू लागला.

एक्स्पेडिशस रिट्रीट प्रेसच्या ‘अ मॅजिकल मिडीव्हल सोसायटी : वेस्टर्न युरोप’ (२००३) या पुस्तकाने हाच विचार सूत्रधारांसाठी व्यवहारात उतरवून मेनर, नगर, चर्च व किल्ला यांवर मंत्रांचा परिणाम तपासला. कायद्याच्या अंगाने मात्र अजून पुष्कळ जागा मोकळी आहे. खोटे बोलू न देणाऱ्या मंत्रापुढे सरदाराच्या शपथेचे वजन सामान्याच्या शपथेइतकेच ठरते, आणि रूप पालटणारा मंत्र असताना गादीवरचा वारस खरा की तोतया, हे सिद्ध करण्याचा व्यवसायच उभा राहील. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण ठाऊक असलेल्यांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. सर्वांत अवघड प्रश्न मृताला उठवण्याचा आहे. २००३ च्या सुधारित नियमांत त्यासाठी ५,००० सुवर्ण नाण्यांचे हिरे लागत असल्याने ते सरदारांनाच परवडते, वार्धक्याने मेलेल्याला तो मंत्र लागू पडत नाही, आणि प्रेत बऱ्यापैकी शाबूत असावे लागते. तेव्हा राजाच्या मृत्यूबरोबर गादी लगेच वारसाकडे जाते की मंत्राची मुदत संपेपर्यंत रिकामी राहते, हे आधी ठरवावे लागेल. आणि ज्या राज्यात खून झालेला राजा आठवड्याभरात सिंहासनावर परतू शकतो, तेथे खुनापेक्षा प्रेत पळवण्याला कडक शिक्षा असेल, व राजवाड्यातील सर्वांत विश्वासू पहारा शयनगृहावर नव्हे तर शवागारावर बसेल.