वऱ्हाडाच्या वाटेवर देवळाली प्रवरा

धूपखेड्याच्या चांद पाटलांकडचं वऱ्हाड बैलगाड्या जुंपून शिर्डीकडे निघालं. नवरदेव पाटलांच्या बायकोचा भाचा, नवरी शिर्डीची. खंडोबाच्या देवळाजवळ गाड्या सुटल्या, माणसं एकेक करून खाली उतरली. त्यांच्यात एक तरुण फकीर होता. पुढे जगाने त्याला साईबाबा म्हणून ओळखलं. परंपरा या घटनेचं साल १८५८ सांगते. लग्न लागलं, वऱ्हाड परत फिरलं, फकीर मात्र शिर्डीतच राहिला.

या कथेतला फकीर सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातल्या बैलगाड्याही पाहण्यासारख्या आहेत. कित्येक कोसांचा प्रवास, सोबत भाचे, मेहुणे, शेजारी, एक फकीरसुद्धा, आणि मुक्कामाला देवळापुढची मोकळी जागा. शिर्डीच्या दक्षिणेला, प्रवरेच्या खोऱ्यात वसलेल्या देवळाली प्रवरेची वऱ्हाडंही पिढ्यानपिढ्या अशीच निघत आली. नगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातलं हे नगरपरिषदेचं गाव. नाशिकजवळच्या देवळालीशी घोळ होऊ नये म्हणून इथल्या लग्नपत्रिकेवर ‘देवळाली प्रवरा, ता. राहुरी’ असं पूर्ण छापावं लागतं. गावातून लग्नाला निघणाऱ्या वाटा गेल्या दीडशे वर्षांत कशा बदलल्या, हे पाहिलं की नात्यागोत्याचा पसारा कसा वाढला आणि नंतर कसा विरळ झाला तेही कळतं.

बैलगाडीच्या काळात सोयरीक जुळायची ती बैलांच्या पावलांच्या हिशोबाने. भरलेली गाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालणार, दिवसाकाठी फार तर वीस-पंचवीस. त्यामुळे लेक द्यायची ती एका मुक्कामाच्या टप्प्यात, पोळ्याला किंवा दिवाळीला तिला आणता येईल अशा गावी. इरावती कर्व्यांनी भारतीय नातेसंबंधांवरच्या त्यांच्या १९५३ सालच्या ग्रंथात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची विवाहरीत शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात, दूरच्या गावी जाते. महाराष्ट्रात मामाची मुलगी सून म्हणून येऊ शकते, म्हणजे वाट आधीपासूनच ओळखीची असते. राजघराण्यांची गोष्ट वेगळी. याच जिल्ह्यातल्या चौंडीची अहिल्या १७३३ साली होळकरांची सून होऊन थेट माळव्यात गेली.

सामान्य घरात लेकीला आणायला मुराळी जायचा. बहुतेक वेळा तो धाकटा भाऊ असे. गाडीत कडब्याची पेंढी, पाण्याची कळशी, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लग्नघरी मात्र सगळ्यात आधी पोचायचे ते म्हातारा-म्हातारी. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा पेन्शन नव्हती. कासरा मुलाच्या हाती गेला, घराचा कारभार सुनेने उचलला, की ही दोघं जायला-यायला मोकळी. आठ-आठ दिवस आधी त्यांचा मुक्काम पडायचा. जात्यावर हळद दळायची, पापड-कुरडया घालायच्या, देवक कुठलं, कुळाचार काय, मानाचं पातळ कोणाला, हे सांगायचं ते त्यांनीच. वाटेवरच्या गावात चुलत आत्या असेल तर एक रात्र तिच्याकडे, पुढच्या गावात साडू असेल तर दुसरी रात्र त्याच्याकडे. त्यांच्या हिशोबात लग्न मुक्कामाचं ठिकाण असे आणि वाटेतली घरंही त्याच यात्रेत मोडत.

चातुर्मासात लग्नं नसत, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतायचीच. सुगी उरकून खळी रिकामी झाली की लग्नसराई सुरू व्हायची. उन्हाच्या तलखीमुळे वऱ्हाडं रात्री निघत, घुंगुरमाळांच्या आवाजावर पोरं झोपी जात. वधूच्या गावाच्या वेशीवर सीमांतपूजन होई. आज तो हॉलच्या दारातला दहा मिनिटांचा विधी झाला आहे. मुळात ती प्रवास करून आलेल्या पाहुण्यांना गावाने आपल्या हद्दीत सन्मानाने घेण्याची रीत होती. वऱ्हाडाला जानवसा मिळे, तसा बैलांनाही कडबा आणि पेंड. बैलांची आबाळ झाली तरी व्याह्यांचा रुसवा ठरलेला.

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७६ ते ७८ हा भयंकर दुष्काळाचा काळ होता आणि या मार्गाचं मातीकाम दुष्काळी कामावरच्या भुकेल्या माणसांनी केलं. नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव ही गावं एका रुळावर आली. बेलापूर स्टेशनच्या भोवती पुढे श्रीरामपूर शहर उभं राहिलं, स्टेशनचं नाव मात्र अजून बेलापूरच आहे. दुसऱ्याच वर्षी, १८७९ साली, पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. या दोन गोष्टी पाठोपाठ येणं देवळालीसारख्या गावाला फार मोठं होतं. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या भावाला लग्नाची तारीख कळवता येऊ लागली आणि त्याला वेळेवर येताही येऊ लागलं. देवळाली प्रवरेला स्वतःचं स्टेशन नाही. त्यामुळे स्टेशनपासून गावापर्यंत पुन्हा बैलगाडीच. पाहुणा कोणत्या गाडीने येणार हे ठाऊक असलं की घरचं कुणीतरी छकडा जुंपून स्टेशनावर हजर असायचं.

गावाचा नातेपसारा खऱ्या अर्थाने वाढवला तो पाण्याने. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९१०च्या सुमारास सुरू होऊन १९२६ साली पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या उजव्या आणि डाव्या कालव्यांनी कोरडवाहू शिवारात ऊस आणला. सासवडकडचे माळी बागाईतदार खंडाने जमिनी घ्यायला कालव्याच्या कडेने आले. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या अखेरीस त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. देवळालीच्या अगदी शेजारी राहुरीचा सहकारी कारखाना आला. तो पुढे डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि भोवतीच्या वस्तीचं नावच ‘राहुरी फॅक्टरी’ पडलं. १९६८ साली राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आलं.

या सगळ्याने एक नवीच गोष्ट घडवली: महिन्याचा पगार आणि ठरलेल्या वयाची निवृत्ती. कारखान्याचा फिटर, विद्यापीठातला कृषी सहायक, रयत शिक्षण संस्थेच्या शाळेतले गुरुजी, पाटबंधारे खात्यातला कारकून. बदल्यांमुळे यांची ओळख चार तालुक्यांत पसरली आणि त्याच ओळखींतून मुलांच्या सोयरिकी जुळल्या. एका मुक्कामाच्या टप्प्यात राहिलेलं गोत आता पारनेर, येवला, नाशिक, पुण्यापर्यंत गेलं.

त्या गोतावळ्याला बांधून ठेवलं एसटीने. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून नगरला आली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, शेवटचा थांबा नगरचा माळीवाडा. म्हणजे एसटीचा पहिला प्रवासच या जिल्ह्याकडचा आहे, आणि नगरकरांनी याचा अभिमान मिरवला तर त्यात काही वावगं नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत एसटी वाड्यावस्त्यांच्या फाट्यांवर थांबू लागली आणि मुराळ्याची गाडी गोठ्यात राहिली. लग्नासाठी अख्खी बस ठरवायची सोयही झाली. महामंडळाच्या कागदावर तिचं नाव ‘प्रासंगिक करार’. आगारात अनामत भरायची, जाण्या-येण्याचं अंतर आणि खोळंब्याचे तास लिहून द्यायचे, की ठरल्या पहाटे लाल गाडी मारुतीच्या पारापुढे उभी. पुढच्या बाकावर वयस्कर मंडळी, मागे करवल्या आणि पोरं, टपावर रुखवताचं सामान.

ज्यांना बसचा करार परवडत नव्हता त्यांना उसाच्या ट्रकचा आधार होता. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो. मग ट्रक-ट्रॅक्टर रिकामे उभे राहतात आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई भरात असते. हौद्यात पाचट किंवा सतरंज्या अंथरून कित्येक वऱ्हाडं गेली. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे आणि अशा वऱ्हाडांचे भीषण अपघात महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्या प्रवासाच्या आठवणी कितीही गोड असल्या तरी त्याचं कौतुक करू नये.

काळीपिवळी जीप आली, डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, आणि दोन दशकांत दारापुढे चारचाकी उभी राहणं देवळालीतही नवलाचं राहिलं नाही. नगर–मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालयं आणि लॉन्स झाले. दुपारी साडेबाराचा मुहूर्त गाठायचा, अक्षता टाकायच्या, जेवायचं, आहेराचं पाकीट द्यायचं आणि तीनपर्यंत घर. कडक तिथीला एकाच दिवशी तीन लग्नं करणारे लोक आहेत. आठ दिवसांचं लग्न दोन तासांवर आलं यात वेळेची बचत झाली हे खरं. पण जिच्याकडे पूर्वी एक रात्र मुक्काम व्हायचा, त्या वाटेवरच्या आत्याचं घर या बचतीत गळालं. तिच्या नातवंडांना देवळालीच्या माणसांचे चेहरे ओळखू येईनासे झाले. प्रवास जितका सोपा झाला तितकं थांबणं कमी झालं, आणि या दीडशे वर्षांत गमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

त्यात राहुरी कारखाना गेल्या काही वर्षांत अडचणीत येऊन हंगामच्या हंगाम बंद राहिला. कामगारांची मुलं रांजणगाव, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेली, शिकलेली हिंजवडीला. पूर्वी लेकीला आणायला मुराळी जायचा. आता पुण्यातला मुलगा आई-वडिलांना न्यायला येईलच असं नाही, त्याला सुट्टी नसते.

म्हणून आज या वाटेवर दिसतं ते निवृत्त जोडपंच. हातात वेळ असलेली घरातली हीच दोन माणसं. पुण्यात भाचीचं लग्न असलं की ती दोन-तीन दिवस आधी निघतात. नगरला विधवा चुलत बहिणीकडे एक रात्र, सुप्याजवळ वर्गमित्राकडे चहा, वाघोलीत साडूकडे दुसरी रात्र, मग कार्यालय. परतताना एखाद्या वर्षी वाकडी वाट करून जेजुरी. ज्यांच्या घरी जागरण-गोंधळ चालतो, त्यांना नवविवाहित जोडप्याबरोबर खंडोबाला जाऊन, नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढल्याचं पाहायचंच असतं. जुन्या म्हातारा-म्हातारीचा रिवाज या दोघांनी चालू ठेवला आहे. घरात कुणाचं कुणाशी काय नातं, कोणत्या घराशी पाचवीला बोलणं बंद झालं आणि बारशाला सुरू झालं, हे आता बहुतेक यांनाच सांगता येतं.

सरकारच्या सवलतींचा यात मोठा हात आहे. ६५ वर्षांपुढच्या नागरिकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास, आणि १७ मार्च २०२३पासून सगळ्याच महिलांना निम्मं भाडं. ज्या साखर कामगाराचं निवृत्तिवेतन ‘ईपीएस-९५’ योजनेतून येतं, त्याला सप्टेंबर २०१४पासून दरमहा किमान १००० रुपयांची हमी आहे. हजार-दोन हजारांत महिना काढणाऱ्याला अर्धं तिकीट म्हणजे लग्नाला जाणं आणि न जाणं यांतला फरक. २०२१च्या ऑक्टोबरअखेरपासून सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा पगाराचा प्रश्न कामगारांचा होता आणि तो खराच होता. पण त्या लग्नसराईत कितीतरी वयस्कर माणसं घरात अडकून पडली. स्वतःची गाडी असलेल्यांना समृद्धी महामार्गाने नवी लांब वाट दिली. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५मध्ये. विदर्भात दिलेल्या लेकीकडे आता एका दिवसात पोचता येतं. उलट घराजवळच्या नगर–मनमाड रस्त्यावरचे खड्डे चुकवताना साठीपुढच्या चालकाचा जीव मेटाकुटीला येतो. हा रस्ता कायमचा नीट व्हायला इतकी वर्षं लागावीत हे चीड आणणारं आहे.

यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना काही साध्या गोष्टी सहज करता येतील. पत्रिकेवर कार्यालयाच्या नकाशासोबत जवळचा एसटी थांबा आणि तिथून आणायला येणाऱ्या माणसाचा फोन नंबर छापावा. वयस्कर पाहुण्यांना आदल्या रात्रीच बोलवावं आणि त्यांच्या झोपण्याची सोय कार्यालयात न करता घरात करावी. आणि आजी-आजोबा वाटेत चार घरं करत येणार असतील, तर परीक्षा संपलेल्या एखाद्या नातवाला त्यांच्यासोबत मुराळी म्हणून धाडावं, वहीत त्या घरांतल्या माणसांची नावं लिहून आणायला सांगून.