तारण काय ठेवणार?

बँकेत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो, "तारण काय ठेवणार?" आमच्या कर्जत-खालापूरकडे याचं उत्तर बहुतेक वेळा सातबारा, नाहीतर बायकोचे दागिने. गंमत म्हणजे मराठी बायबलमध्ये मोक्षासाठी नेमका हाच शब्द आहे, तारण! अर्थ अगदी वेगळा, पण ख्रिस्ती धर्मातला दोन हजार वर्षांचा एक मोठा वाद समजून घ्यायला मला बँकेतलाच प्रश्न सोयीचा वाटतो. देवापुढे आपण तारण काय ठेवणार? श्रद्धा की सत्कर्मं? आणि ज्याचं त्या बँकेत खातंच नाही, त्याचं काय?

मी ख्रिस्ती नाही. पण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली आणि हा प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्या आजीसारख्या बायकांनी येशूचं नाव फारतर नाताळच्या सुट्टीपुरतं ऐकलेलं असतं. जन्मभर दारी आलेल्याला त्यांनी उपाशी परत पाठवलेलं नसतं. अशा माणसांचा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा?

वादाची सुरुवात इ.स. ४९ च्या आसपासची. येशूचे पहिले शिष्य सगळे यहुदी. पुढे अंत्युखिया शहरात पौल आणि बर्णबा यांच्या शिकवणीमुळे यहुदी नसलेले लोकही येऊ लागले. मराठी बायबलच्या भाषेत हे 'परराष्ट्रीय'. त्यांनी आधी यहुदी व्हायचं का? सुंता करून घ्यायची का? यावर यरुशलेमात बैठक बसली. पेत्र बोलला, याकोबाने समारोप केला आणि ठरलं की सुंतेची सक्ती नको. फक्त चार गोष्टी टाळा: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि व्यभिचार.

ठराव झाला, पण पंगत काही इतक्या सहज जुळत नाही. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा. याकोबाकडची माणसं तिथे आली आणि हा हळूच बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. आपल्याला हे समजवून सांगायला लागत नाही, पंक्तिभेद आपल्या घरचाच आहे!

सुंतेचा एवढा बाऊ का, हे कळायलाही आपल्याला फार लांब जायला नको. पेण, पनवेल, अलिबाग पट्ट्यातले बेने इस्राएल आठवा. धंदा तेल गाळायचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी. खवले नसलेला मासा खायचा नाही. बोली मराठी, आडनावं गावांवरून पडलेली, पण अशा मोजक्या खुणांवर या लोकांनी शेकडो वर्षं आपली ओळख टिकवली. पौल 'नियमशास्त्राची कर्मे' म्हणतो तेव्हा त्याचा रोख सर्वसाधारण सत्कर्मांपेक्षा सुंता, शब्बाथ, खाणंपिणं या खुणांवर आहे, असं जेम्स डन यांच्यासारखे अभ्यासक १९८० च्या दशकापासून मांडत आले. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र शनिवार तेल्यांमुळे ते पटकन कळलं.

बायबलमध्येच याकोबाचंही एक पत्र आहे. ते म्हणतं, कर्मांवाचून श्रद्धा मेलेली आहे. मजा बघा, पौल आणि याकोब दोघेही साक्षीला उभा करतात तो एकच माणूस, अब्राहाम! पौल म्हणतो, अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान ठरला, तेव्हा त्याची सुंताही झाली नव्हती. याकोब म्हणतो, पोटचा मुलगा वेदीवर ठेवला तेव्हा तो विश्वास पुरा झाला. साक्षीदार एक, वकील दोन.

पुढे दीड हजार वर्षांनी लूथर आला. त्याने रोमकरांस पत्राच्या जर्मन भाषांतरात 'श्रद्धेने' च्या जोडीला 'केवळ' हा शब्द स्वतःहून घातला, आणि १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला चक्क पेंढा म्हटलं. त्याचं म्हणणं बँकेच्या भाषेत सांगायचं तर, तुझ्याकडे तारण ठेवण्यासारखं काही नाहीच, कर्ज माफ झालंय एवढ्यावर विश्वास ठेव. या वादात युरोप दुभंगला. लूथरपंथी आणि कॅथलिक यांनी या मुद्द्यावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ ला, आउग्सबुर्गमध्ये. तारण देवाच्या कृपेने, सत्कर्मं हे त्याचं फळ, असा त्याचा गाभा.

आता आपल्याकडे येऊ. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटांचं प्रकरण झालं. रानडे, लोकमान्य टिळक अशी मोठी माणसं त्यात अडकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. अंत्युखियाची पंगत, फक्त उलट्या बाजूने.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला हलवलं. आगगाडीची वाट आपल्या कर्जतवरून बोरघाट चढत जाणारी. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडात वाँटेजला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून बुद्धी गहाण ठेवली नाही. त्रैक्यासारख्या मुद्द्यांवर तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून जोरदार वाद घातला. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपल्या कर्तृत्वाने नाही, केवळ श्रद्धेने तारण, हे त्यांना नंतर उमगलं.

आणि मग काय केलं त्यांनी? हात जोडून बसल्या? १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली. सत्कर्मांनी तारण होत नाही असं मानणाऱ्या बाईने किती सत्कर्मं करावीत! मला वाटतं, हिशोब सुटला की हात मोकळे होत असावेत.

नारायण वामन टिळकांची गोष्ट आणखी पुढची. त्यांना आधी भिडलं ते डोंगरावरचं प्रवचन. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, संसार मोडला. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, पण सोवळं आणि पंक्ती सुटायला त्यांना वर्षं लागली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही येशूभक्त चालणार होते. आधी यहुदी व्हा, मग या, हे पौलाने नाकारलं. आधी चर्चच्या वहीत नाव घाला, मग या, हे टिळकांनी नाकारलं. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार रुजायचा राहिला. पण १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलंच, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त माहीत नाही पण जे प्रामाणिकपणे विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारणाचं दार बंद नाही. पौलानेही रोमकरांस पत्रात, नियमशास्त्र नसलेल्यांच्या हृदयावर ते लिहिलेलं असतं, असं म्हणून ठेवलंय.

हे वाचताना मला आपली इर्शाळवाडी आठवते. १९ जुलै २०२३ ची रात्र, दरड, खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी ढिगाऱ्याखाली. वर जायला रस्ता नाही, यंत्र नेता येईना. पावसात, अंधारात माणसं डोंगर चढून गेली. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्या चढावरच हृदयविकाराने मृत्यू झाला. चिखल उपसणाऱ्यांतला कोण कुठल्या देवाचा, हे कुणी विचारलं नाही. आणि आपल्याला याचं फळ काय मिळेल, हे त्यांच्याही मनात नसणार.

पौल खरा की याकोब, याचा निकाल लावणारा मी कोण! पण दोघांनाही त्या रात्री वाडीवर नेलं असतं, तर मला वाटतं, वाद बाजूला ठेवून दोघांनी आधी फावडं मागितलं असतं.