घटसर्पापासून कंबरदुखीपर्यंत: ऑस्टिओपॅथीच्या व्याधियादीचा इतिहास

हाडे, सांधे, स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊती यांना केवळ हातांनी दाब, ताण व हालचाल देऊन उपचार करण्याची जी पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयाला आली, ती ऑस्टिओपॅथी या नावाने ओळखली जाते. हाड आणि व्यथा या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले असले, तरी केवळ हाडांच्या व्यथा बऱ्या करणे एवढाच तिच्या जनकाचा हेतू नव्हता. आज या उपचारकाकडे जाणारा रुग्ण बहुधा धरलेली कंबर, आखडलेली मान, खांद्याचे दुखणे किंवा मानेतून वर चढणारी डोकेदुखी अशी तक्रार घेऊन जातो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या यादीत मात्र घटसर्प, डांग्या खोकला, रक्ती आव आणि नाना तऱ्हेचे ताप यांनाही स्थान होते. या यादीतून कोणत्या व्याधी गळाल्या, कोणत्या टिकल्या आणि का टिकल्या, हे पाहिले म्हणजे हाताच्या उपचारांचे बळ नेमके कोठे आहे, याचा अंदाज येतो.

या पद्धतीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म 1828 मध्ये व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक असून वैद्यकीही करीत आणि मुलाने त्यांच्याच हाताखाली, त्या काळच्या सरहद्दीवरील रिवाजाप्रमाणे, पाहून व करून वैद्यक शिकून घेतले. त्या वैद्यकाची मुख्य शस्त्रे म्हणजे अफू, मद्य, जुलाब आणि कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे संयुग. कॅलोमेलच्या भरमसाट मात्रांनी रुग्णाच्या हिरड्या सुजत, तोंडातून लाळ गळू लागे आणि दात हलत, तरीही ते औषध लागू पडल्याचेच लक्षण मानले जाई. 1864 मध्ये मेंदूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या मेनिंजायटिसच्या साथीत स्टिल यांच्या घरातील तीन मुले दगावली, आणि डॉक्टर व धर्मोपदेशक या दोघांनीही आपल्या परीने शर्थ करूनही ती वाचली नाहीत, तेव्हा औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. यापुढे औषधाऐवजी शरीररचनेतच रोगाचे कारण व उपाय शोधायचा असे ठरवून त्यांनी हाडांचा अभ्यास आरंभिला, आणि 22 जून 1874 हा आपल्या नव्या मताच्या उद्घोषणेचा दिवस म्हणून नोंदवून ठेवला.

त्या मताचे सूत्र असे, की शरीरात स्वतःला बरे करण्याची शक्ती व सामग्री मुळातच असते. एखादे हाड, विशेषतः पाठीचा मणका, जागचे किंचित हलले की त्यालगतच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांवर दाब येतो, रक्ताचा ओघ अडतो आणि ज्या अवयवाकडे तो ओघ जायचा तो आजारी पडतो. म्हणून हाताने तो अडथळा दूर केला की निसर्ग आपले काम पुरे करतो. अशा बिघडलेल्या जागेला पुढे 'ऑस्टिओपॅथिक लीजन' अशी संज्ञा मिळाली. हे सूत्र एकदा मान्य केले की कोणताही रोग त्याच्या कक्षेबाहेर राहत नाही, कारण शरीरात रक्त व मज्जातंतू पोचत नाहीत असा अवयव जवळजवळ नाहीच. आरंभीची यादी एवढी अफाट का होती, याचे उत्तर त्या सूत्राच्या या व्याप्तीत आहे.

स्टिल यांनी 1897 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रातील दोन हकिकती या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. पहिली त्यांच्या वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमाराची: डोके दुखत असताना त्यांनी वडिलांच्या नांगराची दोरी दोन झाडांमध्ये झोपाळ्यासाठी बांधली, पण झोके घेणे सोसवेना, म्हणून ती जमिनीपासून आठ-दहा इंचांवर उतरवून तिच्यावर घोंगडीचे टोक टाकले आणि मानेखाली ती उशीसारखी घेऊन ते पडून राहिले, डोळा लागला, आणि जागे झाले तेव्हा डोकेदुखी गेलेली होती. दुसरी हकिकत मिसुरी राज्यातील मेकन गावची: रस्त्याने चाललेल्या एका बाईजवळच्या चार वर्षांच्या मुलाला रक्ती आव झालेली होती, स्टिल यांनी त्याला उचलून घेतले तेव्हा त्याची पाठ तापलेली आणि पोट गार लागले, म्हणून त्यांनी पाठीचा कणा दाबून व हलवून त्याला परत दिले, आणि दुसऱ्या दिवशी मूल बरे झाल्याचे आईने कळवले. स्टिल यांच्या लेखी दोन्ही प्रसंगांतील तत्त्व एकच होते. पुढील काळाने मात्र त्यांची फारकत केली: मानेच्या स्नायूंवरील ताण उतरला म्हणून डोकेदुखी हटणे आजही समजण्यासारखे आहे, परंतु जंतुसंसर्गातून होणारी आव पाठ दाबल्याने बरी होत नाही, पुष्कळदा ती आपोआप ओसरते, आणि तेवढ्यात उपचार झालेला असला की श्रेय उपचाराच्या पदरात पडते.

कॅन्सस राज्यात या मताला थारा मिळेना, तेव्हा स्टिल 1875 मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल या गावी आले आणि काही वर्षे हाडे बसवणारा फिरता वैद्य म्हणूनच त्यांचा लौकिक झाला. हा लौकिक उपरा नव्हता. उतरलेला सांधा बसवणारे, लचक काढणारे लोक प्रत्येक शेतकरी समाजात असतात. महाराष्ट्रात हाडवैद्य हे काम करीत आले, आणि पाठीत उसण भरली की पायाळू माणसाच्या पायाचा स्पर्श घेण्याची चाल येथे होती. इंग्लंडमध्ये तर अशा लोकांची दखल प्रस्थापित वैद्यकाला घ्यावी लागली: प्रख्यात शल्यवैद्य जेम्स पॅजेट यांनी 1867 मध्ये हाडे बसवणाऱ्यांकडून बऱ्या होणाऱ्या रुग्णांविषयीच व्याख्यान देऊन आपल्या व्यवसायबंधूंना सावध केले, आणि व्हार्टन हूड या डॉक्टरांनी अशाच एका कारागिराकडून शिकलेली युक्ती 1871 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. ताठरलेला सांधा योग्य झटक्याने मोकळा होतो, हे निरीक्षण जुनेच होते. त्या निरीक्षणावर सर्व रोगांचा सिद्धांत उभारणे, हे स्टिल यांचे नवेपण होते.

1892 मध्ये कर्क्सव्हिल येथे अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी ही शाळा सुरू झाली. एडिंबरो येथे वैद्यक शिकलेले विल्यम स्मिथ तेथे शरीररचनाशास्त्र शिकवीत आणि पहिल्या तुकडीपासूनच स्त्रियांना प्रवेश होता. लवकरच आगगाड्या भरभरून रुग्ण येऊ लागले आणि त्यांच्यासाठी गावात हॉटेले व भोजनगृहे निघाली. 1896 मध्ये व्हर्माँट आणि 1897 मध्ये मिसुरी या राज्यांनी व्यवसायाला कायद्याची मान्यता दिली. त्याच सुमारास यादीला मात्र पहिली मोठी चीर पडत होती. घटसर्पाचा जंतू 1880 च्या दशकात ओळखला गेला होता, 1890 मध्ये त्यावरील प्रतिविषाचा शोध जाहीर झाला आणि थोड्याच वर्षांत ते रुग्णालयांतून वापरात आले. परिणामी जो रोग मान व पाठ हाताळून थांबवल्याचा दावा स्टिल करीत, त्यावर मोजून दाखवता येईल असा दुसरा इलाज डॉक्टरांच्या हाती आला. सांसर्गिक रोग यादीतून गळू लागले ते अशा इलाजांमुळे, आणि प्रतिजैविके आल्यावर ही गळती पुरी झाली.

येथून या पद्धतीला दोन फाटे फुटले. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांनी औषधशास्त्र व शस्त्रक्रिया अभ्यासक्रमात घेतल्या आणि त्यांचे पदवीधर हळूहळू पूर्ण डॉक्टर बनले. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दोन हजार ऑस्टिओपॅथांना 65 डॉलर शुल्कावर एम. डी. ही पदवी देऊन सामावून घेण्यात आले, आणि 1966 पासून अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय सेवेचे दारही त्यांना उघडले. त्यांची व्याधियादी परत अमर्याद झाली खरी, परंतु ती औषधांच्या बळावर, आणि बहुतेकांच्या रोजच्या कामात हाताचे उपचार मागे पडले. ब्रिटनमध्ये उलट घडले. कर्क्सव्हिलला शिकलेले स्कॉटिश जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी 1917 मध्ये लंडनला शाळा काढली, पण 1935 मध्ये कायदेशीर मान्यतेसाठी आणलेले विधेयक लॉर्ड्स सभागृहाच्या समितीपुढील कठोर तपासणीत टिकले नाही. तेथील ऑस्टिओपॅथ औषधांकडे न वळता हातांनाच धरून राहिले, आणि 1993 च्या कायद्याने त्यांच्या व्यवसायाचे नियमन सुरू झाले तेव्हा त्यांचे मुख्य काम पाठ, मान व सांधे यांपुरते उरलेले होते.

या आखडलेल्या यादीचीही पारख झालेली आहे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत कंबरदुखीच्या 178 रुग्णांचा 12 आठवडे मागोवा घेतला गेला. हाताच्या उपचारांनी आणि नेहमीच्या उपचारांनी सारखाच आराम पडला, मात्र पहिल्या गटाला औषधे कमी लागली. ब्रिटनमधील 1,334 रुग्णांच्या 2004 च्या चाचणीतही पाठीवरील हस्तोपचारांचा लाभ दिसला, पण तो माफक होता. त्या देशाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना असे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत असे सांगतात. दमा किंवा तान्ह्या बाळाचे रडणे यांसाठी मात्र पुरेसा पुरावा मिळालेला नाही. हातालाही मर्यादा असतात: मानेला दिलेल्या जोरकस झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होते, आणि कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरील ताबा सुटला तर ती हाताळण्याची वेळ नसून तातडीने रुग्णालय गाठण्याची असते.

स्टिल यांचे निधन 1917 मध्ये झाले, तोवर त्यांच्या सिद्धांताच्या पायाखालची जमीन बरीच सरकलेली होती. सर्व रोगांचे मूळ कण्यात आहे हे मत गेले. पण कण्याच्या आसपास जे खरोखर कण्याचे व स्नायूंचे दुखणे असते, त्यावर हाताचा थोडा उपयोग होतो, एवढे शिल्लक राहिले. मेकनच्या रस्त्यावरील मुलाची आव यादीतून कायमची वजा झाली, आणि नांगराच्या दोरीवर मान टाकून झोपलेल्या पोराची डोकेदुखी अद्याप तिच्यात आहे.