पेठेतली जागा आणि फीडमधली जागा : बारामती-इंदापूरच्या बाजाराचा एक जुना प्रश्न

#थ्रेड

थंडी पडली की इंदापूर तालुक्यातील भिगवण-कुंभारगावच्या काठावर, उजनीच्या पाणफुगवट्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांच्यामागून पर्यटक येतात आणि पर्यटकांच्या भरवशावर होडीवाले, खानावळी, मुक्कामाची घरे चालतात. यांपैकी अनेकांचा फलक आता रस्त्यावर कमी आणि फेसबुकवर अधिक असतो.

समजा, अशा एखाद्या होडीवाल्याच्या पेजला पाच हजार लोक फॉलो करतात. पहाटे थवा उतरला, त्याने छायाचित्र टाकले. पाच हजारांपैकी किती जणांना ते दिसेल? याचे उत्तर त्याला ठाऊक नसते. ज्यांनी हौसेने पेज फॉलो केले, त्यांनाही नसते. बाजारात कोणाचे दुकान कुठे मांडायचे हे ठरवणारा तिसराच कोणी असतो.

असा तिसरा माणूस या मुलखाला नवा नाही. मराठेशाहीत त्याला नाव होते, वतन होते, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याची जागाही होती.

इंदापूर हे परगण्याचे ठाणे. बारामती हे बाबूजी नाईक जोशी यांचे गाव. थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर १७४० मध्ये पेशवेपदासाठी ज्यांचे नाव रघूजी भोसल्यांनी पुढे केले होते, तेच हे सावकार. कऱ्हाकाठचा त्यांचा वाडा आजही उभा आहे. (एक सावकार पेशवा होता होता राहिला, ही गोष्ट स्वतंत्र थ्रेडच्या योग्यतेची आहे.) अशा कसब्यांच्या गावी शेतीच्या व्यवहारासाठी पाटील-कुलकर्णी होते, तसे पेठेच्या व्यवहारासाठी शेटे आणि महाजन असत.

शेटे-महाजनांचे काम पेठ वसवण्याचे. नवी पेठ बसवायची तर सरकारातून कौल मिळे, काही वर्षे करात सूट मिळे, आणि बाहेरगावचे वाणी-उदमी बोलावून त्यांना जागा नेमून द्यायची जबाबदारी शेट्याकडे असे. दुकानांकडून त्याला ठरावीक हक्क मिळत. रहदारीच्या तोंडाशी जागा मिळालेल्याचा माल आधी नजरेस पडे. गल्लीच्या टोकाला बसलेल्याला गिऱ्हाईक चालत येण्याची वाट पाहावी लागे. गिऱ्हाईक तेच, माल तोच, फरक जागेचा.

शेटे न्यायी होते असा याचा अर्थ नाही. वतनासाठी भाऊबंदकीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत, आणि पेठेतल्या जागेत पैसा व जात दोन्ही बोलत. पण शेटे कोण, हे साऱ्या गावाला माहीत होते. त्याचे हक्क लिहिलेले होते. वाद झाला तर गोतसभा बसे, साक्षी होत, निवाड्याचा महजर होई. आज त्या काळच्या बाजाराविषयी आपल्याला जे कळते, त्यातले पुष्कळसे या भांडणांच्या कागदांतूनच कळते. नियम सांगता येतो तिथेच त्याविरुद्ध भांडता येते, आणि भांडण झाले की इतिहासाला कागद मिळतो.

दवंडीचेही तसेच. ती कोणत्या आळीत, कोणत्या वेळी पिटायची हे गावच्या कारभाऱ्यांच्या हाती असे. पण एकदा डफ वाजला की आळीतल्या सगळ्यांना सारखाच ऐकू जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या तालुक्यांत खेळू लागले, ऊस आला, गूळ आला, पुढे १९३० च्या दशकात कळंबजवळच्या माळावर वालचंदनगर उभे राहिले. बाजार गावाच्या वेशीबाहेर पसरला आणि दवंडीचा आवाज अपुरा पडू लागला.

दूरच्या शेतकऱ्यापर्यंत थेट पोहोचण्याचा सर्वांत धीट मराठी प्रयोग मात्र येथून दक्षिणेला, किर्लोस्करवाडीत झाला. लोखंडी नांगर विकणाऱ्या या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे आपले वार्तापत्र सुरू केले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते वाढत गेले आणि त्यातून मराठीतले एक प्रमुख मासिक उभे राहिले. एका कारखान्याने स्वतःचे ‘पेज’ काढले असे आजच्या भाषेत म्हणता येईल. पण एक मोठा भेद आहे. वाचकांच्या पत्त्यांची यादी कारखान्याची होती. टपाल खाते तिकीट घेई आणि अंक पोहोचवी. अमुक वाचकाला हा अंक आवडणार नाही असे ठरवून पोस्टमन तो पिशवीतच ठेवून देत नसे.

नभोवाणीवर जाहिरातींना दार उघडले ते १ नोव्हेंबर १९६७ रोजी, विविध भारतीच्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून. तेथे सेकंदांचे दर ठरलेले असत. पुढे बारामतीतच विद्या प्रतिष्ठानचे ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. सामुदायिक रेडिओला तासाला किती मिनिटे जाहिरात करता येईल, हे सरकारी धोरणात आकड्यात लिहिलेले आहे : २००६ च्या धोरणात पाच मिनिटे, २०२४ च्या सुधारणेनंतर बारा. आकडा पसंत नसेल तर मंत्रालयाला निवेदन देता येते, आणि अशा निवेदनांनी तो बदललाही.

आता फीडकडे वळू.

फेसबुकने ‘न्यूज फीड’ सुरू केली ५ सप्टेंबर २००६ रोजी. त्यापूर्वी कोणाचे काय चालले आहे हे पाहायला त्याच्या पानावर जावे लागे, म्हणजे गिऱ्हाईक दुकानी चालत जाई. फीडमुळे सगळी दुकाने एका रांगेत गिऱ्हाइकासमोरून सरकू लागली. विरोध प्रचंड झाला. लाखो सदस्यांचा निषेधाचा गट त्याच फेसबुकवर, त्याच फीडमधून पसरला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये व्यवसायांसाठी ‘पेज’ आले.

रांग म्हटली की क्रम आला. आरंभी नवे ते वर, असा साधारण काळाचा क्रम होता. २००९ च्या ऑक्टोबरात मूळ सेटिंगच बदलले : फीड उघडताच ‘अधिक गाजलेले’ आधी दिसू लागले आणि काळाचा क्रम हवा असेल तर वाचकाने स्वतः दुसरीकडे जावे अशी व्यवस्था झाली. हा बदल किरकोळ वाटतो, पण पुढचे सारे त्यातून आले. माणसे मूळ सेटिंग सहसा हलवत नाहीत. म्हणून ते ज्याच्या हाती, पेठ त्याच्या हाती.

२०१० मध्ये कंपनीने या क्रमवारीचे तत्त्व ‘एजरँक’ या नावाने जाहीरपणे समजावले. तीन घटक होते : वाचकाची त्या पेजशी जवळीक किती, पोस्ट कोणत्या प्रकारची आहे व तिच्यावर कशा प्रतिक्रिया आल्या, आणि ती किती शिळी झाली. भिगवणच्या होडीवाल्यासाठी तिसरा घटक क्रूरच आहे. थवा पहाटेचा, दुपारी फीडने दाखवला तर गिऱ्हाइकाची त्या दिवसाची सहल गेलेली असते. पुढे गणित पुष्कळ गुंतागुंतीचे झाले, तरी हे तीन धागे आजही त्यात ओळखू येतात.

२०१२ मध्ये कंपनीनेच सांगितले की पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत जाते. त्याच वर्षी मे महिन्यात फेसबुकचे शेअर बाजारात आले आणि पैसे भरून पोस्ट पुढे ढकलण्याची सोयही आली. या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या, याला योगायोग म्हणणे भाबडेपणाचे होईल. ओगिल्वी या जाहिरात कंपनीने शंभराहून अधिक मोठ्या ब्रँडांची पेजे तपासली, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे १२ टक्के असलेली फुकटची पोहोच फेब्रुवारी २०१४ पर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आली होती.

कंपनीचे उत्तरही नोंदवले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. जून २०१४ मध्ये तिने सांगितले की एखादा माणूस फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवण्याजोग्या सरासरी १,५०० गोष्टी तयार असतात. त्यांतल्या सुमारे ३०० फीड निवडते. माणसाला वेळ तेवढाच आणि दुकाने वाढत गेली तर कोणाला तरी मागे बसावे लागणारच. शेट्यालाही पेठेचे तोंड रुंद करता येत नव्हते.

बारामती-इंदापूरचे दुर्दैव कालक्रमाचे आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी, फीडच्या बरोबर दहाव्या वाढदिवशी, जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेट वाड्यावस्त्यांवर पोहोचले. डाळिंबाची रोपवाटिका, मळ्यातला हुरडा, महामार्गावरची मासळीची खानावळ यांसारख्या छोट्या धंद्यांना स्वतःचे पेज चालवणे खऱ्या अर्थाने तेव्हा परवडू लागले. पेठेत भाडे नव्हते ते दिवस तोवर सरले होते.

दीड वर्षही झाले नाही तोच, ११ जानेवारी २०१८ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले की फीडमध्ये यापुढे मित्र-नातलगांना अग्रक्रम राहील आणि धंदे, ब्रँड व वृत्तसंस्था कमी दिसतील. दुसऱ्या दिवशी कंपनीच्याच शेअरचा भाव सुमारे साडेचार टक्क्यांनी उतरला. शेअरधारकांना निदान भाव पाहून कळले; छोट्या पेजवाल्यांना लाइक का आटले हे कित्येक महिने कळले नसेल.

याहून टोकाचा प्रयोग ऑक्टोबर २०१७ मध्ये श्रीलंका, कंबोडिया, बोलिव्हिया, ग्वाटेमाला, सर्बिया आणि स्लोव्हाकिया या सहा देशांत झाला. पैसे न भरलेल्या पेजच्या पोस्टी मुख्य फीडमधून काढून ‘एक्सप्लोर’ नावाच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवण्यात आल्या. एका सकाळी पेठेतली दुकाने उचलून वेशीबाहेर मांडावीत तसे ते होते. तेथील छोट्या माध्यमांनी आरडाओरड केली आणि मार्च २०१८ मध्ये प्रयोग थांबला. तोवर कित्येकांच्या वाचकसंख्येचे नुकसान होऊन गेले होते, आणि दाद मागायला गोतसभा नव्हती.

वाचकाच्या हाती काहीच नाही असेही नाही. २०१५ मध्ये एखादे पेज ‘आधी दाखवा’ असे ठरवण्याची सोय आली. २०२१ मध्ये ‘फेवरिट्स’ आले. जुलै २०२२ मध्ये ‘फीड्स’ नावाचा वेगळा भाग आला, ज्यात पोस्टी पुन्हा काळाच्या क्रमाने दिसतात. पण मुख्य पान गणिताचेच राहिले, आणि हा भाग शोधून काढणे वाचकावर सोडले. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून आपल्या डिजिटल सेवा कायद्याने अशा मोठ्या मंचांवर बंधन घातले : वाचकाची वैयक्तिक माहिती न वापरणारा क्रम निवडण्याची सोय द्यावीच लागेल, आणि क्रमाचे मुख्य निकष सांगावे लागतील. शेट्याचे हक्क लिहून काढण्याच्या जवळ जाणारे पाऊल गेल्या वीस वर्षांत कुठे पडले असेल, तर ते इथे.

छोट्या दुकानदाराने मात्र कायद्याची वाट पाहिलेली नाही. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे फीडमधून धंद्यांना मागे सारण्याची घोषणा झाली त्याच महिन्यात, छोट्या धंद्यांसाठी ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ आले. मालक तीच कंपनी, हे विसरायचे नाही. पण तेथे दुकानदाराला यादी पुन्हा आपल्या हाती आल्यासारखे वाटले, किर्लोस्करांच्या पत्त्यांच्या वहीसारखी. त्या वहीलाही सेटिंग आहेच : ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण, आणि संदेश पोहोचतो तो फक्त ज्यांनी दुकानदाराचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच. बाकीच्यांना तो गेलाच नाही, हे पाठवणाऱ्याला कोणी सांगत नाही.

फलकावर फोन नंबरच्या खाली ‘नंबर सेव्ह करा’ ही ओळ हल्ली जागोजागी दिसते, ती यासाठी.