फ्राय, आलेक्झांडर

फ्राय, आलेक्झांडर : (१५ जुलै १९७९ – ). स्विस फुटबॉलपटू (आघाडीवीर) व प्रशिक्षक. जन्म बाझेल येथे. २००१ ते २०११ या काळात स्वित्झर्लंडकडून ८४ सामन्यांत ४२ गोल. कुबिलाय त्युर्किल्माझचा ३४ गोलांचा टप्पा त्याने २००८ मध्ये मागे टाकला आणि तो देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. तरीही स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनीबाहेर त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. त्याच शहरात जन्मलेला टेनिसपटू रॉजर फेडरर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. फ्राय फुटबॉलवेड्यांनाही आठवावा लागतो.

बाझेल, थून, लुत्सर्न आणि सर्व्हेट या क्लबांनंतर २००३ मध्ये तो फ्रान्समधील रेन संघात गेला. २००४-०५ च्या फ्रेंच लीगमध्ये २० गोलांसह तो अव्वल ठरला. २००६ ते २००९ तो जर्मनीतील डॉर्टमुंडकडे होता. सप्टेंबर २००८ मध्ये शाल्केविरुद्धच्या स्थानिक लढतीत डॉर्टमुंड ०-३ ने मागे होते. दुखापतीतून सावरलेला फ्राय बदली खेळाडू म्हणून उतरला, त्याने दोन गोल केले. त्यांतला दुसरा अखेरच्या मिनिटांत, पेनल्टीवर. सामना ३-३ बरोबरीत सुटला. डॉर्टमुंडच्या जुन्या चाहत्यांना तो सामना आजही पाठ आहे.

मोठ्या स्पर्धांनी मात्र त्याला हात दिला नाही. युरो २००४ मध्ये इंग्लंडच्या स्टीव्हन जेरार्डवर थुंकल्याबद्दल त्याच्यावर बंदी आली. २००६ च्या विश्वचषकात त्याने दोन गोल केले. पण युक्रेनविरुद्ध पेनल्टी शूटआउटच्या जेमतेम आधी त्याला बाहेर काढले गेले आणि स्विस संघाला एकही पेनल्टी साधता आली नाही. घरच्या युरो २००८ मध्ये सलामीच्याच सामन्यात, तोही बाझेलमध्ये, गुडघा दुखावून तो पूर्वार्धातच रडत मैदानाबाहेर गेला. २०११ मध्ये स्वतःच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर त्याने व संघसहकारी मार्को श्ट्रेलरने राष्ट्रीय संघ सोडला. विक्रमवीराची अशी पाठवणी स्विस फुटबॉलला शोभणारी नव्हती.

बाझेल क्लबने मात्र त्याला डोक्यावर घेतले. २००९ मध्ये परतल्यावर त्याने सलग चार लीग विजेतेपदांत वाटा उचलला. डिसेंबर २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडला २-१ ने हरवून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर घालवणाऱ्या सामन्यातला विजयी गोल त्याचाच, हेडरवर केलेला. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला.

त्यानंतर लुत्सर्नचा क्रीडा संचालक, बाझेलच्या युवा संघांचा व पुढे वील संघाचा प्रशिक्षक असा त्याचा प्रवास झाला. प्रशिक्षक म्हणून त्याचे खरे यश विंटरथूरचे : २०२२ मध्ये तो संघ दुसऱ्या श्रेणीतून वर आला, १९८५ नंतर प्रथमच. त्याच उन्हाळ्यात बाझेलने त्याला बोलावले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये, वर्ष भरण्याआधीच, पदावरून दूर केले. विंटरथूरला त्याने जे मिळवून दिले, ते या हकालपट्टीने पुसले जात नाही. पुढे २०२३ मध्येच त्याने आराऊचे प्रशिक्षकपद स्वीकारले व काही महिन्यांत सोडले.