वांग्याचे बी आणि टोमॅटोचे बी

१९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. याचे कागद दप्तरात सापडतात. बियाण्याचा इतिहास मात्र फळातच वाचावा लागतो. भरताचे वांगे घ्या. ‘वार्ताकु’, ‘वृंताक’ ही संस्कृत नावे त्याचे जुनेपण सांगतात. त्याचा भाऊबंद टोमॅटो अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या मागून आलेला; त्याला असे नाव कोठून असणार?

टोमॅटोचे बी धरणे सोपे. फळ पिकल्यावरच आपण खातो. गर एकदोन दिवस आंबवून धुतला की बी मोकळे होते. वांगे आपण कोवळे खातो. बियाण्यासाठी उत्तम फळ झाडावरच पिवळे होऊ द्यावे लागते, म्हणजे तेवढ्या भरतावर पाणी सोडावे लागते. गंमत अशी की, सोपे होते ते बी संकरित वाणांबरोबर पाकिटात गेले, आणि अवघड होते ते जळगावकडच्या अनेक शेतकऱ्यांनी घरी राखले. भरताला कमी बियांचे, हिरवे, पांढऱ्या रेघांचे मोठे वांगेच हवे, हा खाणाऱ्यांचा हट्ट त्याला कारण झाला असावा.

२०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते. बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने दिला. पण शेजारच्या वावरात दुसरे वांगे फुलले की मधमाशी पराग आणते आणि जात भेसळते. म्हणून बियाण्याची झाडे दूर, निराळी लावावी लागतात.